चौकटीत न मावलेली ओळ

“सोनल, ह्या मुलीच्या चौकटीची रेघ जरा जाड कर. तिचे वडील मंडळाचे आश्रयदाते आहेत.”

उत्तमरावांनी आपली खुर्ची सुनेच्या खुर्चीला अगदी लावून घेतली होती. त्यांच्या तोंडातल्या लवंगेचा वास सोनलला येत होता. कॉम्प्युटरवर काम चालू असलं की ते असेच बसायचे, बोट पडद्याला टेकवून. बोटाचे ठसे संध्याकाळी ती ओल्या फडक्याने पुसायची.

“बाबा, एकीचीच जाड केली तर बाकीच्यांचे लोक विचारतील.”

“मग सगळ्यांची जाड कर.”

तिने सगळ्या चौकटी निवडल्या आणि रेघ जाड केली. उत्तमरावांनी मान मागे घेऊन पाहिलं. “नको गं. शोकसंदेशासारखं दिसतंय. होतं तसंच कर.”

तिने होतं तसं केलं.

डोंबिवलीला मानपाड्यात त्यांचा फ्लॅट होता. आतल्या खोलीत, कपाट आणि पलंग यांच्या मधल्या फटीत कॉम्प्युटरचं टेबल बसवलेलं. खुर्चीत एकदा बसलं की मागे उत्तमराव आणि समोर भिंत. बाजूला खिडकी होती, पण एमआयडीसीचा आंबट वास आत येतो म्हणून ती लावलेलीच असायची. उत्तमराव सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या ज्ञातीच्या मंडळाचे सरचिटणीस होते. मंडळाचं वर्षातलं मोठं काम म्हणजे वधू-वर मेळावा आणि त्याची परिचय पुस्तिका. पूर्वी ती पुस्तिका छापखानाच जुळवायचा. सोनल लग्न होऊन घरात आली, तिला हे काम येतं असं कळलं, आणि पहिल्याच बैठकीत उत्तमराव सांगून आले, “आता बाहेर कशाला द्यायचं? घरची सून आहे.”

सोनलला कोणी विचारलं नव्हतं. पण तेव्हा तिला वाईटही वाटलं नव्हतं. कारण हे काम तिला खरोखर आवडायचं.

ती कल्याणजवळच्या मोहन्याची. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा ती शाळेत होती. कॉलेज करता करता तिने कल्याणला डीटीपीचा कोर्स केला आणि ठाण्यात मॉरिस अंकलच्या दुकानात कामाला लागली. मॉरिस अंकल मूळचे तिथलेच, बापजाद्यांची शेती होती. लग्नपत्रिका, चर्चची पत्रकं, बारशाची आमंत्रणं, सगळं त्यांच्याकडे यायचं. पहिल्याच आठवड्यात सोनलने एक पत्रिका सरळ पानावर टाइप केली होती आणि मुलाच्या मामाचं नाव वाढल्याबरोबर मुहूर्ताची ओळ पुढच्या पानावर जाऊन पडली होती.

“असा नाय करायचा पोरी,” मॉरिस अंकल म्हणाले होते. “पानावर लिवत सुटलीस तर एक ओळ वाढली का सगला घसरतंय. आधी टेक्स्ट बॉक्स घे. जागेवर बांध. मग त्यात काय तो मजकूर भर. बॉक्स हलला नाय तर पान हलत नाय.”

तेव्हापासून तिचा हात चौकटींवर बसला. चौकट ओढायची, तिची रेघ ठेवायची की काढायची ते ठरवायचं, आतली मोकळी जागा चारही बाजूंनी मोजून सोडायची, चौकट पानाला पक्की करायची. दुकानात सोनलच्या पत्रिका गिऱ्हाईक नावाने मागायला लागलं. मग संदेशचं स्थळ आलं, लग्न झालं, सान्वी झाली. “थोडे दिवस घरी राहा, मग बघू,” असं संदेश म्हणाला होता. सान्वी आता शाळेत जायला लागली होती आणि ते “मग बघू” तिथेच होतं. सासूबाई वारल्यावर तर घर सगळं सोनलवरच आलं. तिने कधी नोकरीचा विषय काढला, की संदेश म्हणायचा, “अगं, तुला काम आहे की. बाबांचं पुस्तक आहे ना?”

पुस्तिकेच्या एका पानावर चार स्थळं असायची. डावीकडे फोटो, उजवीकडे मजकुराची चौकट: नाव, जन्म, उंची, शिक्षण, नोकरी, मूळ गाव, अपेक्षा. चौकटींची उंची सोनलने पक्की बांधून ठेवली होती, कारण ती मोकळी सोडली की कोणाच्या तरी अपेक्षा वाढायच्या, चौकट खाली लांबायची आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर चढायची. मात्र बांधलेल्या चौकटीची एक खोड असते. मजकूर जास्त झाला की शेवटची ओळ खालच्या रेघेच्या आड जाते. ती पुसली जात नाही, फाइलमध्ये असते, फक्त दिसत नाही. म्हणून प्रत्येक चौकट भरल्यावर सोनल शेवटची ओळ बोटाने तपासायची आणि गरज पडली तर अक्षर किंचित लहान करायची.

त्या वर्षी उत्तमरावांनी एक अर्ज वेगळा काढून ठेवला होता. तो त्यांच्या मुलीचा होता.

रुचिता संदेशची धाकटी बहीण. तिचं लग्न पुण्याला झालं होतं आणि वर्षभरात मोडलं होतं. नवरा दारूच्या पूर्ण आहारी गेलेला, आणि हे त्याच्या घरच्यांना लग्नाआधीपासून ठाऊक होतं. कोर्टातून मोकळी होऊन ती माहेरी आली, ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागली. सकाळी डबा घेऊन निघायची, संध्याकाळी यायची, सान्वीला अभ्यासाला बसवायची आणि सोनलबरोबर ओट्याशी उभी राहून दिवसभराचं सांगायची. त्या घरात सोनलशी बरोबरीने बोलणारं माणूस तेवढंच होतं.

“पुस्तकात नाव घालणार असाल तर घाला,” रुचिता वडिलांना म्हणाली. “पण घटस्फोटित हा शब्द स्पष्ट पाहिजे.”

“अगं, लिहायची काय गरज? बोलणी पुढे सरकली की सांगू आपण. आधी माणूस भेटू तर दे.”

“बोलणी पुढे सरकल्यावर सांगणं म्हणजे काय असतं ते मला चांगलं माहितीये, बाबा. माझ्या बाबतीत तेच झालं.”

उत्तमरावांनी सोनलकडे पाहिलं, जणू तिने मधे पडावं. सोनल भाजी निवडत राहिली. शेवटी दोन दिवस धुसफूस झाल्यावर उत्तमराव तयार झाले. “सगळ्यात खाली घाल,” ते सोनलला म्हणाले. “अपेक्षांच्या नंतर. वर नको.”

रुचिता शेजारी उभी राहून बघत होती. सोनलने तिच्या चौकटीत शेवटची ओळ टाइप केली: ‘घटस्फोटित, अपत्य नाही.’ ओळ रेघेच्या वर नीट बसली.

“दिसतेय ना?” रुचिताने विचारलं.

“दिसतेय. मी स्वतः बघतेय.”

फाइल पूर्ण झाल्यावर सोनलने तिची पीडीएफ केली आणि सासऱ्यांच्या पेनड्राइव्हवर घालून दिली. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच, त्यात काही हलत नाही. पण छापखान्यातून फोन आला, की ऐनवेळी जाहिराती वाढल्यात, त्या घालायला उघडी फाइल पाहिजे. तेव्हा सोनल सान्वीला घेऊन डॉक्टरकडे गेली होती. उत्तमरावांनी स्वतःच वर्डची फाइल पेनड्राइव्हवर उतरवली आणि नेऊन दिली. प्रूफ बघायलाही तेच गेले. सोनलने संध्याकाळी विचारलं, “सगळं ठीक होतं ना, बाबा?” ते म्हणाले, “उत्तम.” आणि स्वतःच्याच नावावर हसले.

मेळावा कल्याणला एका मंगल कार्यालयात होता. रुचिताला त्या रविवारी लॅबमध्ये ड्यूटी होती. संदेश आणि सान्वी घरी राहिले. सोनल सकाळपासून नोंदणीच्या टेबलावर बसून नावांच्या पट्ट्या वाटत होती. पुस्तिका छापखान्यातून थेट हॉलवर आल्या. गठ्ठे सुटले, लोकांनी हातोहात उचलल्या. गर्दी जरा ओसरल्यावर सोनलने एक प्रत उघडली आणि पाहताक्षणीच तिला कळलं, की अक्षर तिचं नाही.

वळण वेगळं होतं. ओळी एकमेकींपासून लांब झाल्या होत्या. छापखान्याच्या कॉम्प्युटरवर तिचा फॉन्ट नसणार. त्याने आपल्याकडचा घेतला, तो ऐसपैस, आणि चौकटी बांधलेल्या. तिने भराभर पानं उलटली. बहुतेकांच्या चौकटीत तळाशी जागा होती म्हणून ते वाचले होते. रुचिताचं पान आलं. नाव, जन्म, उंची, शिक्षण, नोकरी, गाव, अपेक्षा. त्याखाली रेघ. बस्स.

तिने आणखी पानं चाळली. आणखी काही जणांचीही शेवटची ओळ गेली होती. एकाची ‘विधुर, एक मुलगी’ अशी होती, तिला टाइप केलेली आठवत होती. कोणाच्या फक्त ‘शाकाहारी असावी’ला कात्री लागली होती. सगळा हॉल त्या पुस्तिका उघडून बसला होता. आया चष्मा लावून पेनाने खुणा करत होत्या.

ती उत्तमरावांना गाठायला स्टेजकडे गेली. तेवढ्यात माइकवर त्यांचाच आवाज आला.

“ही पुस्तिका इतकी देखणी झाली आहे, त्याचं श्रेय माझ्या सूनबाईंना आहे. रात्रंदिवस खपून, कसलीही अपेक्षा न ठेवता त्यांनी हे काम केलं. सोनल, वर ये बाळा.”

टाळ्या पडल्या. कोणीतरी तिला पाठीवर हात ठेवून पायऱ्यांकडे ढकललं. अध्यक्षांच्या पत्नीने तिला कुंकू लावलं, खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. फोटोवाला म्हणाला, “ताई, जरा हसा.” ती हसली. बाजूला उभ्या उत्तमरावांना ती पुटपुटली, “बाबा, चूक झालीये. ओळी गेल्यात.” ते कॅमेऱ्याकडे बघत हलकेच म्हणाले, “घरी बोलू.”

घरी बोलायच्या आधीच रुचिता आली. तिने चप्पल काढली, टीपॉयवरची पुस्तिका उचलली आणि आपलं पान शोधलं. सोनल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रुचिताने पान वाचलं, मग पुस्तिका मिटून जिथे होती तिथे ठेवली.

“वहिनी, तू मला म्हणालीस, मी स्वतः बघतेय.”

“अगं रुचिता, ऐक. फॉन्ट बदलला छापखान्यात. फाइलमध्ये ओळ आहे. चल, तुला दाखवते.”

तिने तिला आत नेलं, कॉम्प्युटर लावला, पान उघडलं. ओळ होती, रेघेच्या वर, जशीच्या तशी.

“तुझ्या कॉम्प्युटरवर आहे,” रुचिता म्हणाली. “लोकांच्या हातात नाहीये.”

“मी मुद्दाम नाही केलं गं.”

“मग बाबा का खुश आहेत एवढे?”

उत्तमराव दाराशी आले होते. त्यांनी ऐकलं आणि सोनलची बाजू घ्यायची म्हणून घेतली, पण ती अशी: “तिला कशाला बोलतेस? तिने घराचा विचार केला. सुनेला काही गोष्टी न सांगता कळतात.”

“बाबा, मी तसं काही नाही केलं!”

“बरं बरं. नाही केलंस.” आणि ते समजूतदारपणे हसले. त्या हसण्याने सोनल जी अडकली ती अडकलीच. जितकं ‘नाही’ म्हणावं तितकं तिचं ‘नाही’ खोटं वाटत होतं.

रुचिताने तिच्याशी बोलणं टाकलं. भांडली असती तर बरं झालं असतं. सकाळी डबा स्वतः भरून निघायची, संध्याकाळी येऊन सान्वीला घेऊन गच्चीवर जायची. ओट्याशी सोनल एकटीच राहिली. तिने संदेशला सांगितलं. तो कंपनीतून दमून आलेला, जेवता जेवता म्हणाला, “अगं, छपाईची चूक आहे ना? होईल शांत ती. तू नको मध्ये पडू.”

“मी मध्येच आहे, संदेश. मी कुठून पडू?”

त्याने आणखी आमटी वाढायला वाटी पुढे केली.

तिने छापखान्यात फोन केला. तिथला माणूस भला होता. “ताई, तुमचा फॉन्ट आमच्याकडे नव्हता हे खरंय. पण प्रूफ काकांना दाखवलं होतं ना. पानन् पान बघून त्यांनी सही केली.” सोनलने फोन ठेवला. पानन् पान. ती सासऱ्यांना विचारायला बैठकीच्या खोलीत गेली, ते पेपर वाचत होते, आणि तिचा धीर झाला नाही. काय विचारणार? आणि ते हो म्हणाले तर पुढे काय करणार? ती त्यांचा चहाचा कप उचलून परत आली.

आठवड्याभरात कल्याणहून फोन आला. खडकपाड्याच्या रतनताई म्हणून बाई होत्या. त्यांचा मुलगा ऋतुराज ठाण्यातच नोकरीला होता. रुचिताचं स्थळ त्यांना पसंत होतं, येत्या रविवारी येऊ का, असं त्या विचारत होत्या. उत्तमरावांचा आवाज एकदम तरुण झाला. “या ना, अवश्य या!” फोन ठेवून त्यांनी फर्मान काढलं: कांदेपोहे, नारळाच्या वड्या, बैठकीचे पडदे धुऊन. रुचिता “ठीक आहे,” एवढंच म्हणून खोलीत गेली.

ते ‘ठीक आहे’ सोनलच्या डोक्यात घोळत राहिलं. मुलीने हार मानली की काय? उत्तमराव पडदे काढताना सोनलला म्हणत होते, “पहिल्या भेटीत विषय नको. दुसऱ्या भेटीत मी सांगेन त्यांना, माझ्या पद्धतीने.” सोनल स्टुलावर उभी राहून पडद्याचे हूक काढत होती. तिला दिसत होतं, की रविवारी ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येणार, रतनताई म्हणणार, पुस्तिका तुम्हीच केली ना, किती छान, आणि तिला परत हसावं लागणार.

शुक्रवारी दुपारी उत्तमराव मंडळाच्या बैठकीला गेले. सोनलने पुस्तिकेतून नंबर काढला आणि खडकपाड्याला फोन लावला.

“मी रुचिताची वहिनी बोलतेय. पुस्तिका मी केली. त्यात छापताना एक ओळ राहिली. रुचिताचा घटस्फोट झालेला आहे. तिला ते लपवायचं नव्हतं. तिने ते सांगूनच लिहायला लावलं होतं.”

रतनताई म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. आम्ही घरात बोलतो.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण ओलावाही नव्हता.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन उत्तमरावांना आला. रविवारचं जमणार नाही, असं त्यांनी कळवलं. का ते विचारल्यावर तेही सांगितलं, आणि कोणाकडून कळलं तेसुद्धा.

उत्तमरावांनी फोन खाली ठेवला तेव्हा घरात सगळे होते. “सोनल!” असं ते तिच्यावर लग्नानंतर प्रथमच ओरडले. सान्वी दचकून वडिलांच्या मांडीवर चढली.

“तुला कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?”

“ते खोटं होतं, बाबा. माझ्या हातून छापलं गेलेलं.”

“तुझ्या हातून! प्रूफात दिसलं होतं मला. ओळ नव्हती. मला वाटलं तूच काढलीस, घराचं भलं बघून. मनात म्हटलं, पोर शहाणी आहे, बोलून दाखवत नाही. म्हणून सही केली मी! आणि आता तूच...”

ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. संदेशने मान वर केली. सोनल रुचिताकडे बघत होती. आता तरी तिला कळलं असेल, आता ती म्हणेल, वहिनी, चुकलं माझं.

रुचिता म्हणाली, “मी सांगणार होते.”

“काय?”

“उद्या. समोर बसून, त्या मुलाच्या तोंडावर. म्हणून ठीक आहे म्हटलं. बाबांसमोरच सांगणार होते, म्हणजे पुन्हा कोणी काही झाकणार नाही.” तिचा आवाज चढला नाही. “बाबांनी न विचारता झाकलं, तू न विचारता उघडं केलंस. मला विचारावंसं दोघांनाही वाटलं नाही.”

“तू माझ्याशी बोलत नव्हतीस गं.”

“घर एवढंसं आहे, वहिनी. दार वाजवता आलं असतं.”

सोनलने खरं सांगितलं होतं आणि तरीही ती चुकली होती. उत्तमराव बैठकीत गेले, रुचिता खोलीत, संदेश सान्वीला घेऊन खाली. नारळाच्या वड्यांसाठी खवलेलं खोबरं परातीत तसंच पडलं होतं. ते वाया जाऊ नये म्हणून तिने वड्या केल्या. कोणी खाल्ल्या नाहीत.

त्या महिन्याच्या अखेरीस रुचिता ठाण्याला राहायला गेली. लॅबमधली जोविटा म्हणून मैत्रीण वर्तकनगरला खोली घेऊन राहत होती, तिच्याबरोबर. उत्तमराव आडवे आले नाहीत. फक्त ती बॅग घेऊन निघाली तेव्हा त्यांनी पंख्याचा वेग वाढवला आणि पेपर तोंडासमोर धरला.

सोनलने त्यानंतर एक गोष्ट केली. ती सासऱ्यांसमोर जाऊन म्हणाली, “बाबा, ज्यांच्या ओळी गेल्यात त्या सगळ्यांचं शुद्धिपत्रक काढायला पाहिजे. मी टाइप करते. मंडळाने घरोघर पाठवावं.”

“मंडळाची अब्रू घालवायचीय तुला?”

“त्यात एक विधुर आहेत, लहान मुलगी असलेले. त्यांच्याकडे कोणी अविवाहित समजून स्थळ आणलं तर?”

“पुढच्या वर्षी दुरुस्त करू.”

“मग पुढच्या वर्षीचं पुस्तक दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. शुद्धिपत्रक निघेपर्यंत मी कॉम्प्युटरला हात लावणार नाही.”

घरात तिने आजवर कोणाला काही बजावलेलं नव्हतं. उत्तमरावांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नंतरचे कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलत नव्हते. पाणी पाहिजे असलं तर सान्वीला सांगायचे, “आईला सांग, आजोबांना पाणी.” सान्वीला तो खेळ वाटायचा. संदेश मधल्या मधे चिडायचा. “कशाला ताणतेस? म्हणून टाक ना सॉरी, मोकळी हो.” कॉम्प्युटरवर धूळ बसली. दुपारी भांडी झाली की सोनल पलंगावर बसून बंद खिडकीकडे बघायची. काम नव्हतं तर तिला मोकळं वाटायला हवं होतं. तसं वाटत नव्हतं. घरातलं तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच होतं आणि त्यावरच तिने पाणी सोडलं होतं.

मग एका दुपारी उत्तमराव आत आले आणि एक कागद टेबलावर ठेवून परत गेले. त्यांच्या गोल, कचेरीतल्या अक्षरात शुद्धिपत्रकाचा मजकूर होता. त्यांनी बहुधा पुस्तिका जुन्या अर्जांशी ताडून पाहिली होती. सगळी नावं बरोबर होती आणि पहिलं नाव रुचिताचं होतं. खाली लिहिलं होतं: ‘प्रूफ तपासण्यातील ही चूक माझी आहे. सरचिटणीस.’

सोनलने कॉम्प्युटर पुसला. पान उघडलं, एकच रुंद चौकट ओढली, रेघ ठेवली नाही. चौकटीची उंची या वेळी मोकळी सोडली, मजकूर येईल तशी वाढायला. टाइप करून ती कागद घेऊन बैठकीत गेली.

“बघून घ्या, बाबा.”

त्यांनी चष्मा लावला, सगळं वाचलं. “ठीक आहे,” म्हणाले. “पीडीएफच दे त्यांना.” झाल्या गोष्टीबद्दल ते तिच्याशी बोलले ते एवढंच.

शुद्धिपत्रक गेलं. दोन-चार लोकांनी फोन करून उत्तमरावांना ऐकवलं, बाकीच्यांनी वाचलंही नसेल. रतनताईंकडून काही आलं नाही. पाऊस संपला, दिवाळी झाली आणि उत्तमराव नव्या अर्जांची पिशवी घेऊन आले. त्यांनी खुर्ची सोनलच्या खुर्चीला लावली, तोंडात लवंग टाकली. सोनलने आधीच्या आठवड्यात संदेशला परत विचारलं होतं, की सान्वीची शाळा सुटेपर्यंत ठाण्यात कुठे अर्धवेळ काम बघू का. तो “मग बघू” म्हणाला होता. तिने पहिला अर्ज उचलला.

डिसेंबरात एका शनिवारी ती सान्वीला घेऊन वर्तकनगरला गेली. रुचिताने तिला बोलावलं नव्हतं, पण येऊ का विचारल्यावर “ये” असं लिहिलं होतं. खोली लहान होती. दोन गाद्या, एक इंडक्शन शेगडी आणि सताड उघडी खिडकी. रस्त्याचा सगळा गोंगाट आत येत होता. जोविटा सान्वीला घेऊन खाली केक आणायला गेली.

“राग आहे अजून?” सोनलने विचारलं.

“आहे. पण आता बाबांवर जास्त आहे, तुझ्यावर कमी.” रुचिता चहात आलं किसत होती. “ते शुद्धिपत्रक आलं मला. बाबांच्या नावाने.”

“त्यांनीच लिहिलं. मी नुसतं टाइप केलं.”

“तू अडून बसल्याशिवाय त्यांनी लिहिलं नसतं. दादाने सांगितलं मला, तू काय म्हणालीस ते.” तिने चहा गाळला, कप पुढे सरकवला. “वहिनी, मी निघाले. तुझं काय?”

“माझं काय म्हणजे?”

“तू कधी निघणार?”

“मी कुठे निघू गं? सान्वी आहे, बाबा आहेत. संदेश काही वाईट नाही.”

“कोणीच वाईट नाही गं. तेच तर.”

सोनल चहा प्यायली. खिडकीतून समोरच्या इमारतीतलं एक दुकान दिसत होतं, झेरॉक्सचं. काउंटरमागे एक मुलगी खुर्चीत बसून काहीतरी टाइप करत होती, समोर गिऱ्हाइकांची रांग होती. ती मुलगी मधेच रांगेतल्या कोणाला तरी हात करून थांबा म्हणाली आणि आपलं काम संपवत राहिली. सोनल तिच्याकडे किती वेळ बघत होती ते तिला कळलंच नाही.

फोन वाजला. उत्तमराव होते.

“सोनल, किती वाजता येतेस? ते विद्याविहारचं स्थळ घालायचं राहिलंय. आणि संध्याकाळच्या पोळ्या...”

रुचिता तिच्याकडे बघत होती. काही सुचवत नव्हती, नुसती बघत होती.

“बाबा, मला उशीर होईल,” सोनल म्हणाली. “पीठ मळून ठेवलंय फ्रिजमध्ये. संदेशला सांगा, नाहीतर खालून आणा. विद्याविहारचं सोमवारी बघू.”

“सोमवारी?”

“हो.”

त्यांनी फोन ठेवला. घरी गेल्यावर काय वातावरण असेल ते सोनलला आत्ताच दिसत होतं: बैठकीतला पंखा जोरात, पेपर उंच, सान्वीमार्फत पाणी. तरी ती उठली नाही. तिने कप पुढे केला आणि रुचिताला म्हणाली, “अजून थोडा आहे का?”